शुगर, मेंदू आणि पेशीतलं चुलवाण

चिक्कोडी-निपाणीकडं उसाचा हंगाम लागला की गुऱ्हाळावर एक गोष्ट कुणाला शिकवावी लागत नाही. चुलवाणात चिपाडं बेतानं सारायची. कमी पडली तर रसाला उकळी येत नाही, आणि एकदम कोंबली तर जाळ गुदमरतो, धूर कोंडतो, काहिलीतला गूळ करपतो. जळण भरपूर असलं म्हणजे जाळ चांगला लागतोच असं नाही. मधुमेहात मेंदूच्या पेशींमध्ये जे बिघडतं ते नेमकं या ठिकाणी.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मधुमेह हा शब्द बोलण्यात फार येत नाही. "शुगर आहे" एवढंच म्हणतात. शुगर म्हटलं की डोळे, किडनी, हृदय, पायाची जखम आठवते. मेंदूची आठवण घरात कोणी तरी औषध घ्यायचं विसरू लागलं की मग होते. टाईप २ मधुमेह असलेल्यांना उतारवयात स्मृतिभ्रंश होण्याचा धोका इतरांच्या साधारण दीडपट असतो, आणि त्याची सुरुवात विसराळूपणा दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधी होते. म्हणून पेशीच्या आत काय घडतं ते समजून घेणं कामाचं आहे.

आधी हिशेब पाहू. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. रिपोर्टवर शुगर १०० आली, म्हणजे प्रत्येक १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम ग्लुकोज. सगळ्या रक्तात मिळून झालं फक्त ५ ग्रॅम, चहाचा एक चमचा. शुगर ३०० असेल तर तीन चमचे. निरोगी आणि बिघडलेल्या शरीरातला फरक एवढा बारीक आहे. आता मेंदूचं बघा. वजन जेमतेम १.४ किलो, म्हणजे शरीराच्या सुमारे २ टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के तो एकटा घेतो. दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज, तासाला ५ ग्रॅम. निरोगी माणसाच्या रक्तात एका वेळी जेवढी साखर फिरत असते, तेवढी मेंदू तासाभरात संपवतो. यकृत मागून भर घालत असतं म्हणून चालतं. मेंदूकडं स्वतःचा साठा जवळपास नाही.

स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींचं दार इन्सुलिनच्या किल्लीनं उघडतं. किल्ली चालेनाशी झाली की साखर बाहेर रक्तात साचते. मेंदूच्या चेतापेशींची तऱ्हा वेगळी. त्यांच्या भिंतीवरची ग्लुकोजची दारं बहुतांशी इन्सुलिनची वाट पाहत नाहीत. मेंदूच्या रक्तवाहिनीच्या अस्तरावर एका प्रकारची दारं असतात, चेतापेशीवर दुसऱ्या प्रकारची, आणि दोन्ही उघडीच. कारण उघड आहे: मेंदूला क्षणभरही उपाशी राहून चालत नाही. पण या सोयीची किंमत मधुमेहात मोजावी लागते. रक्तातली साखर चढली की मेंदूतलीही चढते. चेतापेशीला "आता बस" म्हणता येत नाही.

पेशीत शिरलेल्या ग्लुकोजचे आधी दोन तुकडे होतात. तेवढ्यातून एटीपी नावाच्या रेणूंची जोडी हाती लागते. एटीपी म्हणजे पेशीची रोकड. कुठलंही काम करायचं तर तीच मोजावी लागते. खरी कमाई पुढं होते, मायटोकॉन्ड्रियात. शाळेच्या पुस्तकात याला तंतुकणिका म्हणतात. एका चेतापेशीत त्या शेकड्यांनी, मोठ्या पेशीत हजारोंनी असतात. प्रत्येकीला दोन पडदे असतात, बाहेरचा साधा आणि आतला घड्याघड्यांचा. आतल्या पडद्यावर चार यंत्रं ओळीनं बसलेली असतात. अन्नातून काढलेले इलेक्ट्रॉन पहिल्या किंवा दुसऱ्या यंत्रावरून या साखळीत शिरतात, पुढं तिसऱ्याकडं, चौथ्याकडं सरकतात आणि शेवटी ऑक्सिजनला मिळून पाणी होतं. इलेक्ट्रॉन असे सरकत असताना पहिलं, तिसरं आणि चौथं यंत्र आतले प्रोटॉन पडद्याच्या बाहेर फेकतात. बाहेर दाब साठतो, धरणात पाणी साठावं तसा.

गोकाकच्या धबधब्यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला पडत्या पाण्यानं टर्बाइन फिरवून सूतगिरणी चालवली गेली. मायटोकॉन्ड्रियाचं पाचवं यंत्र हुबेहूब तेच करतं. बाहेर साठलेले प्रोटॉन त्याच्यातून आत परततात आणि त्या लोटानं त्याचा दांडा खरोखर फिरतो. सेकंदाला शंभरच्या आसपास फेरे, आणि दर फेऱ्याला तीन एटीपी. सगळं मिळून एका ग्लुकोजपासून सुमारे ३० एटीपी. यातला निम्म्याहून अधिक भाग चेतापेशी एकाच कामावर घालवते: सोडियम बाहेर ढकलायचं आणि पोटॅशियम आत ओढायचं. हे थांबलं की पेशी संदेश पाठवू शकत नाही. आठवण, लक्ष, बोलणं, तोल सांभाळणं सगळं याच पंपावर चालतं.

आता या चुलवाणात चिपाडं कोंबली जातात. साखर जास्त म्हणजे साखळीकडं येणारे इलेक्ट्रॉनही जास्त. प्रोटॉन फेकून फेकून पडद्याबाहेरचा दाब इतका वाढतो की त्या दाबाविरुद्ध आणखी फेकणं जमेना होतं. यंत्रं अडतात, मागून येणारे इलेक्ट्रॉन खोळंबतात. कारखान्याच्या गेटवर उसाच्या गाड्यांची रांग लागावी तसं. पहिल्या आणि तिसऱ्या यंत्रापाशी खोळंबलेले इलेक्ट्रॉन वाट सोडून थेट ऑक्सिजनला चिकटतात, आणि सुपरऑक्साइड नावाचा आक्रमक रेणू तयार होतो. कोंडलेला धूर तो हाच. डॉ. मायकेल ब्राउनली यांनी २००१ साली ही मांडणी केली. डोळा, किडनी, नस अशा निरनिराळ्या ठिकाणी मधुमेहानं होणाऱ्या बिघाडांचं मूळ एकच आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं काम मुख्यतः रक्तवाहिनीच्या पेशींवर होतं. चेतापेशींकडं ते तसंच्या तसं लावता येत नाही, पण विचाराची दिशा त्यातून मिळाली.

थोडा धूर तर निरोगी पेशीतही होतो, आणि त्याची व्यवस्था असते. एक विकर सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, आणि ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ पुढं त्याचं पाणी करून टाकतो. वापरलेलं ग्लुटाथायोन पुन्हा ताजं करावं लागतं आणि त्यासाठी एक विशिष्ट सहायक रेणू खर्च होतो. इथं मधुमेह दुहेरी मार देतो. जादा साखरेतली काही साखर पेशी सॉर्बिटॉलमध्ये बदलते, आणि त्या बदलासाठी तोच सहायक रेणू वापरला जातो. म्हणजे धूर वाढतो आणि धुराडंही तुंबतं. शिवाय साखरेच्या मोडतोडीतून निघणारे काही चिकट पदार्थ प्रथिनांना कायमचे चिकटून बसतात आणि ती निकामी करतात.

पहिला घाव धुराच्या सगळ्यात जवळ असलेल्या वस्तूवर पडतो. मायटोकॉन्ड्रियाचा स्वतःचा छोटा डीएनए असतो, आईकडून आलेला, ३७ जनुकांचा. त्यातली १३ जनुकं या यंत्रांच्याच भागांची कृती सांगतात. हा डीएनए आतल्या पडद्याला लागूनच असतो आणि पेशीच्या केंद्रातल्या डीएनएला असतं तसं प्रथिनांचं पांघरूण त्याला नसतं. तो खराब झाला की पुढं बनणारे सुटे भागही खराब. खराब भागांचं यंत्र जास्त गळतं, आणि जास्त गळतीनं डीएनए आणखी खराब होतो. हे चक्र एकदा फिरू लागलं की नंतर साखर आटोक्यात आली तरी ते लगेच थांबत नाही. म्हणून पहिल्या काही वर्षांतली हयगय नंतर भरून काढणं अवघड जातं.

पुढच्या टप्प्यात आणखी एक गोष्ट दिसते. मधुमेही प्राण्यांच्या संवेदना वाहणाऱ्या नसांमध्ये मायटोकॉन्ड्रिया जास्त नव्हे तर कमी काम करताना आढळतात. त्याचाही अर्थ लागतो. पेशीत टंचाईची वर्दी देणारी एक व्यवस्था आहे. एटीपी कमी पडू लागलं की ती जागी होते आणि नव्या मायटोकॉन्ड्रिया बांधायचा हुकूम देते. दारात सदा जळणाचा ढीग पडलेला असेल तर ही वर्दी जातच नाही. जुनी यंत्रं झिजत जातात, नवी बसत नाहीत. आधी कोंडमारा आणि मग मरगळ, असा क्रम धरला तर दोन्ही निरीक्षणं जुळतात, आणि आम्हाला तोच पटतो. व्यायामाचं महत्त्वही यातूनच कळतं. त्याकडं पुढं येऊ.

मायटोकॉन्ड्रिया एका जागी गोट्यांसारख्या पडून राहत नाहीत. त्या एकमेकींत मिसळतात, पुन्हा तुटतात. मिसळल्यानं चांगला माल वाटला जातो. तुटल्यानं नासका तुकडा वेगळा पडतो आणि पेशी तो गिळून टाकते. साखर सतत जास्त असली की तुटणं वाढतं, मिसळणं कमी होतं, आणि नासके तुकडे उचलायचं काम मागं पडतं. कातडीची पेशी खराब झाली तर नवी येते. चेतापेशी बहुतेक जन्मभराची एकच असते. तिला साफसफाईशिवाय दुसरा आधार नाही.

मुंग्या आधी पायांनाच का येतात, याचं एक उत्तर इथं सापडतं. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारा चेतातंतू जवळपास मीटरभर लांब असतो, आणि मायटोकॉन्ड्रिया मुख्यतः पेशीच्या मूळ भागात बनतात. तिथून त्या रुळांसारख्या तंतूंवरून, मोटारीसारख्या प्रथिनांवर लादून टोकापर्यंत पोचवाव्या लागतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असं दिसलं की ग्लुकोज वाढलं की या वाहतुकीतल्या मिल्टन नावाच्या प्रथिनावर साखरेचा एक शिक्का बसतो आणि गाडी जागीच थांबते. एरवी हे शहाणपणाचंच आहे: जिथं इंधन आहे तिथं थांबा, काम करा. पण इंधन सगळीकडं आणि सदासर्वकाळ जास्त असेल तर गाड्या वाटेतच थांबण्याचा धोका असतो आणि टोकाला अंधार. मेंदूतल्या तंतूंनाही हाच धोका. तिथं टोकाला दोन पेशींचा सांधा असतो. प्रत्येक संदेशामागं तिथं शिरणारं कॅल्शियम मायटोकॉन्ड्रिया तात्पुरतं शोषून घेतात. त्या हजर नसल्या की सांधा आधी मंदावतो, मग सुटतो. नव्या आठवणी पक्क्या करणारा मेंदूचा भाग, हिप्पोकॅम्पस, या बाबतीत फार नाजूक आहे.

मेंदूला साखर घ्यायला इन्सुलिन लागत नाही, पण निरोप म्हणून लागतं. सांधे बळकट ठेव, मायटोकॉन्ड्रियाची निगा राख, असे निरोप ते देतं. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं तेव्हा मेंदूही हळूहळू बहिरा होत जातो. आणि सगळा दोष मायटोकॉन्ड्रियावर टाकणंही बरोबर नाही. बारीक रक्तवाहिन्या खराब होऊन रक्तपुरवठा घटणं, वाढलेला रक्तदाब, न कळता होऊन गेलेले छोटे झटके यांचा वाटा मोठा आहे. साखर १३० आणि रक्तदाब १७० असलेला माणूस मेंदूच्या दृष्टीनं सुरक्षित नाही.

उलटा धोका: साखर घसरणं

साखर वाढल्याची जेवढी भीती असते तेवढी घसरण्याची असायला हवी, साठीच्या पुढं तर जास्तच. ७० च्या खाली साखर म्हणजे हायपो, आणि ५४ च्या खाली म्हणजे मेंदूला थेट धोका. चुलवाण विझलं की पंप थांबतो. घाम, थरथर, धडधड, भूक. मग चिडचिड, असंबद्ध बोलणं, गुंगी. म्हातारी माणसं पहिली लक्षणं दाखवतीलच असं नाही, थेट "काय बोलतोय कळत नाही" इथवर पोचतात, आणि घरच्यांना वाटतं वय झालं.

हे मुख्यतः इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड या गटातल्या गोळ्यांनी होतं. नुसत्या मेटफॉर्मिननं सहसा होत नाही. आपल्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे एकादशी, संकष्टी किंवा वारीतली पायपीट: गोळी नेहमीची घेतली आणि जेवण नाही. त्याच दिवशी संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. सकाळी साखर ६०, रात्री २८०. मायटोकॉन्ड्रियाला असे झोके मानवत नाहीत. उपवास सोडा असा आमचा आग्रह नाही. त्या दिवशीची गोळी किती आणि कधी घ्यायची हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवा, आणि फराळात शेंगदाणे, दही-ताक, राजगिरा असू द्या.

हायपो झाला आणि माणूस शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन चमचे, पाण्यात विरघळवून प्यायला द्या. १५ मिनिटांनी तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. सावरल्यावर भाकरी किंवा भात खायला द्या. पेढा, कुंदा, चॉकलेट यांचा या वेळी उपयोग कमी, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळं साखर उशिरा रक्तात उतरते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. समोरून कन्नडच बोललं जात असेल तर "शुगर कडिमे आगिदे" एवढं सांगता आलं पाहिजे. वरच्या गोळ्यांनी आलेला हायपो सावरला तरी त्या दिवशी दवाखाना टाळू नका. गोळीचा अंमल बराच वेळ राहतो, किडनी कमजोर असेल तर आणखी वेळ, आणि साखर पुन्हा घसरते.

म्हणूनच "जितकी कमी तितकी चांगली" हे खरं नाही. अमेरिका-कॅनडातल्या ॲकॉर्ड नावाच्या मोठ्या चाचणीत एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा, ६ च्या खाली आणण्याचा कडक प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू वाढल्यानं २००८ साली ते उपचार थांबवावे लागले, आणि २०११ साली आलेल्या निष्कर्षांत स्मरणशक्ती-विचारशक्तीलाही त्याचा फायदा दिसला नाही. बहुतेकांना ७ च्या आसपासचं ध्येय पुरतं. खूप वय झालेल्या, वारंवार हायपो होणाऱ्या माणसाला डॉक्टर ८ पर्यंतही चालवून घेतात, आणि ते बरोबरच असतं. एचबीए१सी ही शेवटी सरासरीच आहे. ६० आणि २८० चे झोके सरासरीत दडून जातात, म्हणून जेवणानंतर दोन तासांची साखरही बघा. लोहाच्या कमतरतेनं पांढुरक्या पडलेल्या बाईचा एचबीए१सीचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, हेही ध्यानात असू द्या.

हातात काय आहे

मायटोकॉन्ड्रियाला टंचाईची वर्दी देण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग चालणं हा आहे. काम करणारा स्नायू इन्सुलिनशिवायही साखर ओढून घेतो, आणि नव्या मायटोकॉन्ड्रिया बांधायचा हुकूम निघतो. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, दोन दिवस ताकदीचा व्यायाम. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं हाही ताकदीचाच व्यायाम. जेवणानंतर लगेच १०-१५ मिनिटं चाललं तर जेवणानंतरचा चढ बसतो. इन्सुलिन किंवा वरच्या गोळ्या चालू असतील तर खिशात साखरेची पुडी हवीच.

जेवणाबद्दल आपल्याकडं दोन समजुती पक्क्या आहेत. एक, गूळ चालतो. गुळातही मुख्यतः साखरच असते. चहा गुळाचा केला तरी रक्ताला फरक कळत नाही. दुसरी, भाकरी कितीही चालते. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात ७० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, तांदळात त्याहून थोडी जास्त. शाळूची भाकरी भातापेक्षा सरस आहे ती तंतूंमुळं: शंभरामागं ज्वारीत सुमारे १० ग्रॅम, पांढऱ्या तांदळात ३ च्या आत. साखर सावकाश चढते, पण चढतेच. म्हणून एक-दीड भाकरी, आणि ताटाचा उरलेला भाग उसळ, भाजी, कोशिंबीर, ताक यांनी भरलेला. हुलगे, मटकी, पावटे हे आपलं जुनंच अन्न, ते परत ताटात यावं. खानापूरकडं दोन्ही वेळा भातच असतो. तिथं भात निम्मा करून आमटी घट्ट करणं हा सोपा मार्ग.

मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर व्हिटॅमिन बी-१२ तपासून घ्या, शाकाहारी घरात तर नक्कीच. हे औषध बी-१२ चं शोषण कमी करतं. मायटोकॉन्ड्रियातल्या एका विकराचं काम बी-१२ शिवाय चालत नाही, आणि कमतरतेची लक्षणं, म्हणजे मुंग्या, तोल जाणं, विसरणं, मधुमेहाच्याच खात्यात टाकली जातात. इंजेक्शन किंवा गोळ्यांनी ही कमतरता भरून निघते. ती वेळेवर ओळखली नाही तर नुकसान कायमचं होऊ शकतं. मात्र या कारणानं मेटफॉर्मिन मनानं बंद करू नका.

तंबाखूबद्दल निपाणीच्या भागात बोलणं अवघड आहे; कित्येक घरांची चूल त्यावर पेटते. पण विडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो आणि मायटोकॉन्ड्रियाच्या चौथ्या यंत्रालाही चिकटतो, आणि निकोटिन इन्सुलिनचा परिणाम कमी करतं. मिसरीतही निकोटिन असतंच. "मी ओढत नाही, फक्त मिसरी लावते" म्हणणाऱ्या बाईनं ही गोष्ट डॉक्टरांना सांगायला हवी. ती आपणहून सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही.

मेंदूची ताकद वाढवणाऱ्या, मायटोकॉन्ड्रिया साफ करणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्या आणि कॅप्सूलवर पैसे घालवू नका. धूर कमी करणारं व्हिटॅमिन ई मोठ्या चाचण्यांत हृदयाचे आजार टाळण्यासाठीसुद्धा उपयोगी ठरलं नाही. तेवढे पैसे ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांना घाला.

घरात काय पाहायचं? नाव पटकन न आठवणं हे फारसं मोठं लक्षण नाही. मधुमेहात आधी वेग आणि नियोजन ढासळतं. नेहमीचा हिशेब करायला वेळ लागतो, पुरणपोळीच्या स्वयंपाकाचा क्रम चुकतो, बसस्टँडवर कुठली गाडी धरायची याचा गोंधळ होतो. सगळ्यात धोक्याचं म्हणजे गोळी किंवा इन्सुलिन दोनदा घेतलं जाणं. तसं एकदा जरी झालं तरी आठवड्याच्या खणांची डबी आणा, इन्सुलिन दुसऱ्या माणसाच्या हाती द्या, आणि बी-१२, थायरॉईड, रक्तदाब आणि स्मरणशक्ती तपासून घ्या. स्मरणशक्तीची चाचणी बोलून, शब्द पाठ करायला लावून घेतात. मराठी शाळेत चौथी शिकलेल्या आजीला कन्नड किंवा इंग्रजी शब्द दिले तर तिचे गुण मेंदूमुळं नव्हे, भाषेमुळं कमी पडतील. चाचणी मराठीत घ्या, असं डॉक्टरांना सांगा, आणि तिचं शिक्षण किती झालंय तेही सुरुवातीलाच सांगा.